आजोबांचा वस्तरा आणि रिषड्याचं जवस

आजोबांच्या वस्तऱ्याची धार मी घालवली, हे आधीच कबूल करून टाकतो.

मागच्या सुट्टीत गावी ट्रंक आवरताना तो हाती लागला. शेफील्डचं पातं, काळी मूठ, आणि सोबत धार राखायचा दुहेरी पट्टा. एका कडीला दोन पट्ट्या शिवलेल्या, एक चामड्याची आणि एक कापडाची. चामडं वाळून कडक झालं होतं, तरी शाबूत होतं. कापडाची मात्र उंदरांनी वाट लावली होती. त्यावर कसलासा पुसट शिक्का होता, त्यातला ‘आयरिश’ एवढाच शब्द लागत होता. आजोबा १९४२ साली कामठीत भरती झाले आणि लढाई संपल्यावर घरी आले. हा वस्तरा त्यांना कुणी दिला, हे ते दर वेळी वेगळं सांगत. कधी पलटणीच्या न्हाव्याने दिला, कधी पत्त्यांत जिंकला. बाबांची पहिली दाढी त्याच वस्तऱ्याने झालेली.

मी म्हटलं, कापड ते कापड. माझा जुना सुती वेब बेल्ट खिडकीच्या गजाला अडकवला आणि त्यावर वस्तरा दहा-बारा वेळा खालीवर घासला. ज्यांनी नोकरीत बेल्टला ब्लँको केला आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. वर्षानुवर्षं त्या विणीत मुरलेली ती मातीची पूड म्हणजे एक प्रकारचा सँडपेपरच. दुसऱ्या दिवशी बाबा दाढीला बसले आणि पहिल्याच हाताला त्यांनी डोळे मिटून घेतले. वस्तरा केस कापत नव्हता, ओढत होता. बाबांनी मला काही म्हटलं नाही. वस्तरा पुसला, तेलाचा हात फिरवला, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सुट्टी संपली तेव्हा तो वस्तरा मी बरोबर घेऊन आलो, इथे बराकपूरला.

बराकपूर म्हटलं की आपल्याला २९ मार्च १८५७ आणि मंगल पांडे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण छावणी म्हणजे नुसतं परेड ग्राउंड नव्हे. तिच्या मागे बाजार असतो, धोबी, मोची, न्हावी असतात, आणि पलटणी बदलल्या तरी ही माणसं तिथेच राहतात. सदर बाजारात एका निवृत्त युनिट-न्हाव्याचं दुकान आहे. छपऱ्याकडचे आहेत, सगळे त्यांना ठाकूरजी म्हणतात. वस्तरा बघून त्यांनी तो कानाला लावला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवली आणि मला विचारलं, “साहब, इस पर कौन सा दुश्मनी निकाला गया है?”

मी बेल्टची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, हे विशेष.

दोन दिवस त्यांनी पातं दगडावर फिरवलं आणि परत देताना एक गोष्ट समजावली. दगड धार काढतो, पण रोजच्या रोज ती राखतो तो पट्टा. दाढी झाली की पात्याच्या अगदी टोकाला पाणी, साबण आणि कातडीचा मळ राहतो. तिथे पोलाद इतकं पातळ असतं की एका रात्रीत डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो. कापड तो मळ आणि गंज काढून टाकतं. मग चामडं त्या टोकाला सरळ करून झिलई देतं. आधी कापड, नंतर चामडं, हा क्रम उलटा करायचा नाही. मळकट पातं थेट चामड्यावर घेतलं तर मळ चामड्यात बसतो आणि पट्टा कामातून जातो. आपल्याकडच्या बहुतेक न्हाव्यांजवळ कापडी पट्टी कधी नव्हतीच. चामड्याचा चमोटा, नाहीतर सरळ तळहात. ठाकूरजींचे वडील तळहातावरच वस्तरा फिरवत. कापडाची पट्टी त्यांनी पाहिली ती छावणीत.

छावणी आणि दाढी हा एक स्वतंत्र विषय आहे, तरी थोडं लिहितोच. गोऱ्या पलटणींत न्हाव्याला ‘नाई’वरून ‘नॅपी’ म्हणत. पहाटेच्या बिगुलाआधी हा नॅपी कंदील घेऊन बराकीत शिरे आणि झोपलेल्या सोजिरांची दाढी ते झोपेत असतानाच करून पुढच्या खाटेकडे सरके. त्या काळातल्या गोऱ्या सैनिकांच्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येतं. अंधारात, हलत्या कंदिलात, घोरणाऱ्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा. त्या न्हाव्याच्या हाताची मला नेहमी कमाल वाटते, आणि त्याच्या धारेचीही. झोपलेला माणूस जागा होत नाही तो केवळ धार चांगली असल्यामुळे.

दाढी करायची, पण मिशी काढायची नाही, असा ब्रिटिश सैन्याचा हुकूमच होता. हनुवटी आणि खालचा ओठ साफ, वरच्या ओठाला हात लावायचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर, ऑक्टोबर १९१६ मध्ये, अ‍ॅडज्युटंट जनरल मॅक्रेडी यांनी हा नियम काढून टाकला. त्या युद्धात ब्रिटिश शिपायाच्या किटमध्ये एक गुंडाळी असे. तिच्यात चमचा, काटा, सुरी, कंगवा, ब्रश आणि उघड्या पात्याचा वस्तरा. सेफ्टी रेझर अमेरिकनांनी मोठ्या प्रमाणावर आणला. ते युद्धात उतरल्यावर जिलेट कंपनीने त्यांच्या सरकारला लाखांनी रेझर पुरवले, आणि ते जवान घरी परतताना सवय घेऊन परतले. पट्ट्याचा धंदा बसायला सुरुवात झाली ती तिथून.

आता मूळ मुद्दा, कापड. ठाकूरजींनी सांगितलं, “लिनेन लाइए, असली वाला.” मी बाजारात गेलो आणि लिनन म्हणून शर्टाचं कापड अर्धा मीटर घेऊन आलो. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. विणीतून पलीकडची सायकल दिसत होती. “ई त कुर्ता का कपड़ा है, साहब.”

पट्टीला लागतं ते जाड, घट्ट, साध्या विणीचं कापड. एक धागा वर, एक खाली, मध्ये फट नाही, आणि धाग्यात गाठ नाही. गाठीवरून वस्तरा गेला की धार तिथेच उडी मारते. शिवाय माझं कापड निम्मं सुती निघालं. ते ओळखायचं कसं, हेही ठाकूरजींनीच दाखवलं. जाळून फारसं कळत नाही, कारण सूत आणि लिनन दोन्ही कागदासारखेच जळतात. पॉलिस्टर असेल तर मणी होतो, एवढंच. त्याऐवजी एक धागा उसवून ओढून तोडायचा. सुताचं तुटलेलं टोक पिंजारतं, कुरळं होतं. लिननचं टोक लांब, टोकदार, सरळ राहतं. दुसरी एक गंमत मी नंतर वाचली आणि करून पाहिली. एकच सुटा तंतू ओला करून टोक आपल्याकडे येईल असा धरायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो स्वतःभोवती फिरतो. जवसाचा तंतू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तागाचा उलट. मेसमधल्या पोरांना मी ही जादू म्हणून दाखवली आहे.

हा फरक कुठून येतो? कापसाचा तंतू बोंडातला, साधारण इंचभर लांब. तो कितीही पिळला तरी कापडावर बारीक लव राहते, आणि सुती पट्टी ताणली की सैल पडते. पट्टी सैल पडली की मधे झोळ येतो आणि वस्तऱ्याची धार त्या झोळात गोल होते. लिननचा तंतू जवसाच्या खोडाच्या सालीतला. तो लांब, गुळगुळीत, ताणाला न हलणारा, आणि ओला झाला की आणखी मजबूत. ताग का नको, असंही मी विचारलं, कारण इथे हुगळीकाठी तागाला तोटा नाही. ठाकूरजींनी नुसतं पोत्याकडे बोट दाखवलं. ताग खरबरीत, त्यात लाकडाचा अंश जास्त, आणि तो सुटत राहतो. धान्य भरायला उत्तम.

लिनन जवसापासून होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात ते कधी जोडलं गेलं नव्हतं. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे धान कापणीला आलेलं असतानाच उभ्या धानात जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खालची ओल खाऊन जवस वाढतं, निळं फुलतं. तेल, चटणी, बाळंतिणीचे लाडू, बैलाला ढेप. हे आमचं जवस. आणि आजोबांच्या पट्ट्यावर शिक्का ‘आयरिश’चा. ज्याच्या बांधापासून बांधापर्यंत जवस, त्याच्या दाढीला लागणारं जवसाचं कापड समुद्रापलीकडून आलं. ते का, हे शोधायचं मी ठरवलं. उत्तर नदीच्या पलीकडेच होतं.

बराकपूरच्या धोबीघाटावरून नावेत बसलं की समोर श्रीरामपूर. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कचं होतं. आपल्या लोकांना ते माहीत असायला हवं ते विल्यम केरीमुळे. १८१० चा मोडी लिपीत छापलेला मराठी कोश त्यांनी काढला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. मराठी छपाईची सुरुवातीची पानं या बंगाली गावात निघाली. हेच केरी १८२० मध्ये शेती आणि बागायतीची संस्था स्थापन करणारे. माणसाला शब्द आणि रोपं दोन्हींचं वेड.

श्रीरामपूरच्या खालचं पुढचं स्टेशन रिषडा. इंग्रजीत रिश्रा लिहितात. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने इथे दोरासाठी लागणाऱ्या भांगेच्या लागवडीचं शेत काढलं होतं, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्यात जवसही लावून पाहिलं. धाग्यासाठी, तेलासाठी नव्हे. कारण सरळ होतं. ब्रिटिश आरमाराची शिडं जवसाच्या कापडाची, दोर भांगेचे, आणि दोन्हींचा मोठा पुरवठा रशियाकडून. नेपोलियनच्या धामधुमीत तो कधी तुटेल याचा भरवसा नव्हता. आपल्याच मुलखात जवस आहे तर शिडं इथलीच करू, असा हिशेब.

तो हिशेब जमला नाही. पुढे १८५० आणि १८६० च्या दशकांत पंजाबात पुन्हा खटपट झाली. बेलफास्टच्या व्यापाऱ्यांनी सियालकोटच्या बाजूला माणसं बसवून शेतकऱ्यांना बी दिलं, तेही काही वर्षांत गुंडाळलं. इंग्रजी कागदांत याचं खापर बहुतेक वेळा रयतेच्या आळसावर फोडलेलं दिसतं. मला ते पटत नाही. आमच्या शेतात वाढलेला कोणीही सांगेल. बियांचं जवस विरळ पेरतात, ते बुटकं राहतं आणि फांद्या फोडतं. जितक्या फांद्या तितकी बोंडं, तितकं तेल. धाग्याचं जवस दाट पेरावं लागतं, म्हणजे ते उंच, सरळ, बिनफांदीचं वाढतं. बी पुरतं पिकायच्या आधीच ते मुळासकट उपटावं लागतं. मग पाण्यात कुजवणं, वाळवणं, कुटणं, झोडणं, विंचरणं. त्याला थंड, ओला, लांब हंगाम हवा. आपला हिवाळा दोन-अडीच महिन्यांचा, मग ऊन. आणि हातचं बी सोडून, कोणी विकत घेईल की नाही याची खात्री नसलेल्या सालीमागे शेतकरी का लागेल? बी तर बाजारात रोकडा होतं. नागपूर भागाचं जवस मुंबई बंदरातून युरोपला जात होतं. तिकडे त्याचं तेल काढून रंगात, व्हार्निशमध्ये घालत. खोडं इथेच जळत होती.

यानंतरची गोष्ट मोठी विचित्र आहे. क्रिमियाच्या लढाईत रशियाचं जवस खरंच तुटलं. स्कॉटलंडच्या डंडीतल्या गिरण्या जवसाऐवजी बंगालच्या तागावर जास्तच विसंबू लागल्या. आणि त्याच धामधुमीत, १८५५ मध्ये, जॉर्ज ऑकलंड या गृहस्थाने डंडीची यंत्रं आणून हिंदुस्थानातली पहिली ताग गिरणी उभारली. कुठे? रिषड्यात. जिथे जवसाचा प्रयोग फसला त्याच गावात. आज त्याच रिषड्यात लिननचा धागा काढणारी मोठी गिरणी आहे, जयश्री टेक्सटाइल्स. तिचा कच्चा माल येतो फ्रान्स-बेल्जियमकडून. मी स्टेशनबाहेर चहा पीत उभा होतो. कामगारांची पाळी सुटत होती. दोनशे वर्षं झाली, जवस अजून जहाजानेच येतंय.

युद्ध आणि जवस यांचं नातं पुढेही राहिलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या पंखांवर लिननच ताणलेलं असे. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि लिननची ओढाताण झाली ती विमानांपायी. आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली, तिची वापिटी विमानंही कापडी आवरणाचीच होती. वस्तऱ्याच्या पट्टीला जे गुण लागतात, ताण सोसणं, सैल न पडणं, तेच पंखाला लागतात. हे वाचल्यापासून मी माझ्या पट्टीकडे जरा आदराने बघतो.

कापड शेवटी मिळालं ते भंगारात. जुन्या नोकरीवाल्यांना फायर पॉइंटवर गुंडाळून ठेवलेला कॅनव्हासचा होजपाइप आठवत असेल. आता रबरी अस्तराचा असतो. जुना बिनअस्तराचा, जवसाच्या धाग्याचा असे. त्यात पाणी सोडलं की सुरुवातीला सगळीकडून पाझरे, आणि नवा रंगरूट घाबरून ओरडे की पाइप फुटला. मिनिटा-दोन मिनिटांत धागा पाणी पिऊन फुगे, विणीतल्या फटी बुजत आणि गळती कमी होई. याच्याइतकी घट्ट वीण शर्टाच्या दुकानात कुठली? लिलावात गेलेल्या मालातला एक बाद तुकडा मी कबाड्याकडून विकत घेतला. पावती आहे, ऑडिटवाल्यांनी काळजी करू नये.

अडीच इंची पाइप चपटा केला की चारेक इंच रुंद भरतो. उभा फाडून उघडला तर आठ इंच. वस्तऱ्याचं पातं तीन इंचाच्या आतबाहेर, म्हणून मी पावणेतीन इंच रुंद आणि वीस इंच लांब पट्टी काढली, ताणे लांबीकडे ठेवून. हे महत्त्वाचं. आडवे धागे लांबीकडे आले तर ताण तेच घेणार आणि पट्टी वेडीवाकडी होणार. कडा दुमडून शिवायला अर्धा-अर्धा इंच जादा धरावा. शिवण मात्र वस्तऱ्याच्या वाटेत येता कामा नये. मी पहिली पट्टी घाईत कापली, शिवण आत आली, ती फेकली.

मग धुणं. पाइपात वर्षानुवर्षांची माती आणि गंज. माझ्या बेल्टने जे केलं तेच हा पाइप शंभरपट करू शकला असता. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात रात्रभर भिजवला. सकाळी पाणी चहासारखं. तीन वेळा तसं केलं. नंतर साबणाच्या पाण्यात अर्धा तास उकळलं. ठाकूरजींची कसोटी अशी की शेवटचं पाणी पांढऱ्या वाटीत तासभर ठेवायचं आणि तळाला बोट फिरवायचं. कचकच लागली तर पुन्हा धुवा. चौथ्या खेपेला बोट गुळगुळीत फिरलं. नवं कापड घेतलं तरी हे चुकत नाही, कारण त्यात गिरणीची खळ असते, आणि खळ गेल्याशिवाय कापड मळ उचलत नाही. कडक राहावं म्हणून खळ ठेवणारे लोक आहेत. त्यांची पट्टी चार दिवस छान दिसते.

वाळवताना पट्टी टांगून खाली विटेचं वजन बांधलं. जे काही ताणायचं ते तेव्हाच ताणून जावं.

अजून थोडी दमट असतानाच पुढचं काम. ते ठाकूरजींनी स्वतःच्या हातात घेतलं आणि मला कळलं की मी आयर्लंडचं गुपित समजून जे वाचत होतो ते आपल्या गल्लीत आहे. आयरिश लिननला चमक येते ती लाकडी ठोकळ्यांनी तासन्‌तास कुटून. धागा चपटा होतो, फटी बुजतात, पृष्ठभाग सपाट होतो. त्यासाठी पाणचक्कीवर चालणारी यंत्रं त्यांनी बसवली होती. आणि हेच काम आपल्याकडे कुंदीगर हाताने करत. धुतलेलं कापड लाकडी मोगरीने ठोकून घडी बसवायची, ती कुंदी. ‘तेरी कुंदी कर दूंगा’ असं एखादा उस्ताद रंगरूटाला म्हणतो तेव्हा ती शिवी धोबीघाटावरूनच आलेली असते. ठाकूरजींनी आंब्याच्या फळीवर पट्टी पसरली आणि मोगरीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकसारखी, न थांबता अर्धा तास ठोकली. मी दहा मिनिटं ठोकली तर खांदा बोलायला लागला. मोगरीची कड लागू द्यायची नाही, सपाट तोंडच पडलं पाहिजे. नाहीतर धागा तुटतो.

शेवटी साबण. पांढरा, कडक, वास नसलेला. कोरड्या पट्टीवर तो घासायचा आणि काचेच्या बाटलीच्या पाठीने दाबून विणीत जिरवायचा. पुन्हा साबण, पुन्हा बाटली. जास्त झाला तर पट्टी निसरडी होते आणि पातं नुसतं घसरतं. हाताला मेणासारखी पण कोरडी लागली की पुरे. मग एखाद्या निकामी वस्तऱ्याने शे-दोनशे हात मारून पट्टी वळणावर आणायची, चांगला वस्तरा त्यानंतर. पाठ पुढे, धार मागे, पातं सपाट. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटायचं, धारेवर कधीच नाही. वीस हात कापडावर, चाळीस चामड्यावर. चामड्याला मी तेल देऊन मऊ केलं होतं.

ठाकूरजींनी त्यावर स्वतःची दाढी केली. दुकानात त्यांना आता हे करता येत नाही. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड फोडून घालावं लागतं, आणि रोगराईच्या दृष्टीने ते बरोबरच आहे असं तेच म्हणाले. त्यांच्या मुलाला पट्टा धरता येत नाही. पाइपाचा उरलेला तुकडा मी त्यांना दिला, तो त्यांनी गल्ल्याखाली ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी सुट्टी मिळाली. घरी पोचलो तेव्हा जवस उपटून खळ्यावर आलं होतं. मी बाबांना म्हटलं, थोडी खोडं मला द्या. ती बांधून आमच्या बोडीत दगडाखाली दाबून ठेवली. बाबा रोज येऊन बघायचे. “काय करून राह्यला रे?” मी रॉक्सबर्ग, रिषडा, शिडं सगळं सांगितलं. दहाव्या दिवशी खोडं काढली, वाळवली, मोगरीने कुटली. वास असा की आईने अंगणात उभं राहू दिलं नाही. फांदी होती तिथे प्रत्येक ठिकाणी साल तुटत होती. वीतभर लांबीचे, पिवळट, राठ धागे निघाले. सगळे मिळून एक दोरी वळली, माझ्या करंगळीएवढी जाड आणि हातभर लांब. बाबांनी ती दोन्ही हातांनी ओढली. तुटली नाही. पुन्हा ओढली.

“मजबूत आहे,” ते म्हणाले. “पण एवढ्यासाठी बी कोण सोडन?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ओसरीवर उन्हात बसवलं. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, हात थरथरतो, म्हणून दाढी मी करणार होतो. पट्टा खिडकीच्या त्याच गजाला अडकवला. ते माझ्या हाताकडे बघत होते, चेहऱ्यावर काही दिसू न देता. वीस कापडावर, चाळीस चामड्यावर. गालावरून पहिला हात घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात थांबला.

“थांबला काहून?” त्यांनी विचारलं. “चालू दे.”

पूर्ण दाढी झाल्यावर त्यांनी तळहात गालावरून वर, मग खाली फिरवला. उजव्या कानाखाली बोट थांबलं.

“इथं राह्यलं.”

मी पुन्हा पट्ट्याकडे वळलो.